बाबांच्या आवाजाची डिस्क

"बघ, तुझ्या नवऱ्याच्या स्पीकरच्या खोक्यात सापडली," दादा म्हणाला आणि त्यानं डिस्क तिच्यापुढे आपटली.

तिनं ती लगेच ओळखली. बाबांनी आयुष्यभर जे गायलं ते सगळं त्या एवढ्याशा डबीत होतं. बाबा गेले त्याच आठवड्यात ती नाहीशी झाली. नवऱ्याच्या बॅगेत पाहिल्याचं दादानं सांगितलं, नवरा कानांवर हात ठेवत राहिला, आणि तिनं त्याला बाबांच्या घरातून बाहेर काढलं; आता तिथं ती, दादा आणि वहिनीच उरले होते. परवा त्याचा फोन आला तेव्हा मात्र ती विरघळली होती. रविवारी ये, असं त्याला सांगणारच होती.

तिनं डिस्क घरच्या, गाणी साठवून वाजवणाऱ्या म्युझिक सर्व्हरला जोडली. बाबांचा आवाज काही आला नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"पुसून टाकलंय सगळं त्यानं," दादा म्हणाला. "हो म्हण आणि मोकळी हो, चिमे. उगाच जिवाला घोर नको."

दादा कामावर निघून गेला. तिनं तिरीमिरीत नवऱ्याला फोन लावला.

"मी त्या डिस्कला हातसुद्धा लावलेला नाही गं," तो म्हणाला.

"अजून खोटंच बोलतोस? पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

फोन ठेवल्यावर तिला रडू आवरेना. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यानंच बाबांचा आवाज चोरावा आणि वर साळसूदपणे बोलावं!

तरी 'हो' दाबायला बोट धजेना. तिनं सर्व्हर बसवून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डिस्क आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली.

"पुसलेली नाही हो ताई. ही दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरवर तयार केलीय. तुमच्या सर्व्हरला ती वाचताच येत नाही, म्हणून तो बिचारा फॉरमॅट करू का, म्हणजे सगळं पुसून कोरी करू का, म्हणतोय. शिवाय कुणीतरी तिला पासवर्डचं कुलूपही घातलंय. तसला कॉम्प्युटर आहे का कुणाकडे?"

"नवऱ्याच्या दुकानात होता," ती म्हणाली.

"आपल्याकडेही आहे की, वन्सं," वहिनी म्हणाली. "यांच्या टेबलावर."

"चला, जोडून बघू. पण पासवर्ड लागेल हं," दुरुस्तीवाला म्हणाला. "ज्या कॉम्प्युटरवर आधी उघडून पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलाय, तेवढा एकच विचारत नाही. बाकी कुठंही लावा, मागणारच."

नवरा काय ठेवणार हे तिला पाठ होतं. लग्नाची तारीख, नाहीतर तिचं लाडाचं नाव. त्याच्याच पासवर्डनं आता त्याची चोरी उघडी पाडायची होती.

तिघं दादाच्या खोलीत गेली. वहिनीनं कॉम्प्युटर सुरू करून दिला. नवऱ्याचा पासवर्ड टाकायच्या तयारीनं ती कीबोर्डवर बोटं टेकवून वाट पाहत बसली.

दुरुस्तीवाल्यानं डिस्क जोडली. पासवर्ड न विचारताच ती उघडली.