बंद मुठीची दहा पावलं

रेणुका शेताच्या धुऱ्यावर थांबलीच नाही, थेट तुरीच्या तासात शिरली. मागून समुपदेशक महामायाताई चपला हातात घेऊन चालल्या. सर्वांत मागे रेणुकाचा नवरा देवानंद, मान खाली घालून.

"हे पाहा ताई." तूर चार बोटं वर आली होती, तास सुतासारखा सरळ होता, पण मध्येच दहाएक पावलं नुसती माती. "तुमी म्हनता मानूस सुधरला. मंग इथं काय झालं?"

देवानंदची दारू सुटून चार महिने झाले होते. ताईंनी त्याला वेळेवर जेवायला लावलं, पहाटे चालायला लावलं, श्वास मोजायला शिकवलं. पेरणी आली तशी त्याच्या हाती सरता दिला. तिफणीमागे बांधलेल्या त्या नळीत मागून चालत दाणे सोडायचे. काम बायकांचं, त्यामुळे गावानं पोटभर हसून घेतलं. ताई आपल्या म्हणण्यावर ठाम होत्या. एक पाऊल, एक श्वास, एक दाणा. हात शांत झाला की मनही होईल.

आता मात्र त्या वाकून ती मोकळी माती चाचपत होत्या. रेणुकानं तर सोनाळ्याला, माहेरी जायची पिशवी सकाळीच भरून ठेवली होती.

"दारू पेले व्हते ना?" तिनं विचारलं.

"नाही," देवानंद म्हणाला. "याद आली व्हती. लय जोरात. ताईनं सांगतलं व्हतं, याद आली का मूठ आवळाची अन् सास मोजाचे. म्या आवळली."

"अन् बैलं?"

"माहे बाबा तिफन हाकून राह्यले व्हते. थांबा म्हनाचं बी सुचलं नाही मले."

महामायाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही चूक माझी. आधी बैल थांबवा, हे सांगायचंच राहिलं."

रेणुका हसली नाही. ती मोकळ्या जागेच्या पलीकडे जाऊन उकिडवी बसली. लग्नाआधीपासून सरता धरलेली बाई ती. मागच्या साली तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या वाडग्यावर, देवानंदचाच हात होता, तेव्हा सोयाबीन एका जागी झुपक्यानं उगवलं होतं आणि पुढे चार हात काहीच नाही. प्यायलेला हात तिला मातीतून ओळखू येत होता. तिनं रोपांमध्ये बोटं ताणून मोजलं. वीत. पुन्हा वीत. पुढेही वीतच. हा हात शुद्धीवरचा होता.

ती उठली आणि त्या रिकाम्या जागेतून चालत परत आली. दहा पावलं. चालता चालता तिचीही मूठ आवळली गेली होती, हे तिला टोकाला आल्यावर कळलं. एवढं लांब, मूठ आवळून, हा माणूस एकटा चालला होता.

देवानंदनं खिशातून मूठभर तूर काढली. "आताच बोटानं टोबतो. रिकामा नांगा भरून निघन."

"राहू द्या," रेणुका म्हणाली. "पुढच्या सालीबी सरता तुमीच धराचा. या दहातले किती पावलं कमी झाले, ते मले मोजा लागते."