पुढच्या वर्षाचा टॅक्स

शर्वरीने जर्मनीतली नोकरी सोडून तिथेच वेबसाइट डिझाइनचं स्वतःचं काम सुरू केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. दर रविवारी कर्वेनगरला फोन यायचा आणि श्रीनिवासरावांनी काही विचारायच्या आत ती म्हणायची, "बाबा, मस्त चाललंय." त्या 'मस्त'नेच त्यांची झोप उडवली होती. शेवटी मुदत ठेव मोडून तिला पैसे पाठवायचं नवरा-बायकोने ठरवून टाकलं.

या रविवारी मात्र शर्वरी वैतागलेली होती. "बाबा, नोकरीत विमा आणि पेन्शनचं निम्मं कंपनी भरायची. आता सगळं माझ्याच डोक्यावर. वर पुढच्या वर्षाचा टॅक्सही आत्तापासूनच भरायला लावतायत."

"तो कशाच्या आधारावर?"

"यंदा एवढं कमावलं म्हणजे पुढच्या वर्षीही कमावणारच, असं धरून चाललेत ते."

"मुदतीत भरून टाक," श्रीनिवासराव गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सरोजिनीबाईंनी तेवढंच ऐकलं होतं. "अहो, कसली मुदत? कर्जबिर्ज काढलंय का तिने? उद्याच्या उद्या बँकेत जाऊन ठेव मोडू या."

"ठेव राहू दे आहे तिथे." श्रीनिवासराव बऱ्याच दिवसांनी खुर्चीत पाठ टेकून बसले. "टॅक्सवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होती. त्यांना तिच्या पुढच्या वर्षाच्या कमाईचीही खात्री आहे. आपल्यालाच नव्हती."