चार नंबर मुका

“चार नंबर मुका केलास का?” बाबांनी हळूच विचारलं.

“तेच करतेय. तुम्ही नुसते बसा.”

ग्रीनरूमच्या टेबलावर बाबांचा कीबोर्ड आडवा पडला होता. कालच त्याची सगळी मेमरी पुसली गेली होती. कशी, ते देवालाच ठाऊक. बाबांचं बोट नको त्या बटणावर पडलं असणार. सगळे प्रीसेट, म्हणजे नंबरवार साठवलेल्या मांडण्या, नव्यानं बसवायचे होते, आणि बाहेर तर लोक खुर्च्या धरायला लागले होते.

तसा हा कीबोर्ड स्वतः अवाक्षर बोलत नाही. कळ दाबली की तो संगणकाला निरोप धाडतो आणि आवाज संगणकातून निघतो. कुठला निरोप कुठल्या वाटेनं जायचा, ते एकेका प्रीसेटमध्ये भरून ठेवायचं. बाकीचे प्रीसेट सरळमार्गी होते. गोम होती ती चारमध्ये. चारमधले निरोप अशा वाटेनं जात, जिथं ऐकायला कुणीच नसे. अवघड तुकडा आला की बाबा चार दाबत आणि मान डोलवत मुक्या कळांवर बोटं फिरवत. मागच्या काळ्या पडद्याआड, दुसऱ्या कीबोर्डवर, खरं वाजवायची ती. टाळ्या बाबांना, घाम तिला.

ही चोरी दोघांतच होती. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासूनची. डॉक्टरचं नाव काढलं की बाबा विषय बदलत. “एवढा हंगाम निभावून ने बाळ,” ते म्हणाले होते. “लोकांना कळलं तर माझी उभ्या जन्माची अब्रू जाईल.” बाबांनी कधी कुणापुढे हात पसरले नव्हते. तिला नाही म्हणवेना.

एरवी ती लोकांसमोर वाजवणाऱ्यातली नव्हतीच. शाळेच्या स्पर्धेत समोरची डोकी पाहून तिची बोटं गोठली होती, आणि ती रडत पळून आली होती. त्यानंतर तिनं मंचाचं नाव टाकलं. घरात मात्र अशी वाजवायची की आई गॅसवरचं दूध विसरायची. पुढे नोकरी लागली, आणि एक दिवस तिनं आपला कीबोर्ड विकायला काढला. नेमका त्याच आठवड्यात बाबांच्या हातातला कप पहिल्यांदा खडखडला. विकायचं राहिलं ते राहूनच गेलं.

चारचं काम तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. वाट बदलून झाली. आता फक्त सेव्ह करायचं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, “अगं, हे गळ्याचं बटण लागत नाही गं मला. बघ ना.”

ती उठली. बाबांचे हात कॉलरपाशी थरथरत होते. तिनं बटण लावलं, कोट झटकला. तिचा चष्मा नाकावर घसरला तसा तिनं तो वर सारला. सकाळी त्याचा मोहरीएवढा स्क्रू निखळला होता; दुपारी पाहिलं तर जागच्या जागी. आईनंच बसवला असणार; तिची नजर अजून चांगलीच म्हणायची.

“झकास दिसताय.”

“दिसायलाच चाललोय,” बाबा हसले. “वाजवायला तू आहेस.”

तेवढ्यात निवेदकानं दारातून हाक मारली. बाबांनी कीबोर्ड काखेत मारला, आणि दोघं निघाली.

कार्यक्रम रंगला. पहिली गाणी बाबांच्या बेतानं सोपी होती, ती त्यांनी सांभाळून नेली. मग शेवटचं गाणं. गायिकेचा अंतरा संपला की लांबलचक, धावता तुकडा; सगळं सभागृह ज्याची वाट बघत होतं तो. बाबांनी तीनवरून चारवर बोट नेलं. पडद्याआड तिनं सुरुवात केली.

दोन ओळी गेल्या आणि तिला आवाज जाड वाटला. तिनं संगणकाकडे पाहिलं. निरोप दोन्ही कीबोर्डांकडून येत होते.

सेव्ह! बटणाच्या नादात सेव्ह करायचंच राहिलं होतं. प्रीसेट बदलला की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं. चार नंबर कारखान्यातून आला तसा, बोलका झाला होता. एरवी “सेव्ह केलंस ना?” म्हणून डोकं खाणारे बाबा आज चकार शब्द बोलले नव्हते. आणि आता त्यांच्या थरथरत्या हाताची एकेक चूक भोंग्यांतून सगळ्या गावाला ऐकू जाणार होती. बाबांची अब्रू तिच्या हातून गेली होती.

तिची बोटं गोठली. अगदी शाळेतल्यासारखी. तिनं हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटून पहिल्या बेसूर सुराची वाट बघत बसली.

तो आलाच नाही.

तुकडा धावत राहिला. चढला, वळला, उतरला. तिच्या हातून जे एक वळण नेहमी निसटायचं, तेही लोण्यातून सुरी जावी तसं पार पडलं. तिनं डोळे उघडले. संगणकावर आता एकाच कीबोर्डचे निरोप येत होते. तिचे हात तर मांडीवर होते.

मग, तुकडा अर्ध्यावर असताना, सूर थांबले. ड्रमवाला ठेका धरून राहिला. पावलं वाजली, काळा पडदा बाजूला सरला, आणि सगळं सभागृह एकदम तिच्यासमोर आलं.

बाबा उभे होते. त्यांनी एका हातानं, खाली न बघता, गळ्याचं तेच बटण सोडलं, आणि दुसऱ्या हातानं आपली खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.