काँगोचं रडगाणं

गाणं संपलं आणि मी नेहमीप्रमाणे डोळे टिपले. काँगोच्या रुंबा संगीतावर पुण्यात व्याख्यानं देणारा मी एकटाच, त्यामुळे माझी चूक काढणारंही कोणी नव्हतं.

"खाणीत गाडल्या गेलेल्या मुलासाठी आईने फोडलेला हा टाहो," मी श्रोत्यांना म्हणालो.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, मी क्लॅरिस. काँगोतल्या किन्शासाची आहे, इथे फार्मसी शिकते. हे गाणं माझ्या भाषेतलं, लिंगालातलं. यात आई नाही. लग्नाच्या दिवशी शिंप्याने पँट आखूड शिवली, म्हणून नवरदेव ओरडतोय."

सभागृहात हशा उसळला. वीस वर्षं मी त्या आखूड पँटवर अश्रू ढाळत होतो!

माइक टाकून पळावंसं वाटलं. पण क्लॅरिस मला हसत नव्हती. ती डोळे मिटून तेच गाणं गुणगुणत होती, घरी पोचल्यासारखी.

"गातेस?" मी माइक पुढे केला.

ती गायला लागली, तसा लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. दोन आजोबा उठून नाचले. माझ्या कार्यक्रमात पहिल्यांदाच कोणी झोपलं नव्हतं.