काढ्याचा गुण

माझ्या लेकाचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत चाललेत. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हा आजार आईकडून मुलाकडे आलाय." तेव्हापासून मी रोज पहाटे देवाचं नाव घेत वैद्यांचा काढा उकळते, आणि चाकांच्या खुर्चीतला माझा लेक तो कडूजहर पेला निमूट रिकामा करतो.

आज त्याची फाईल घेऊन मी तपासणीच्या खोलीपाशी पोचले, तर आतून डॉक्टरांचा आवाज आला, "तीन वर्षं काढा पितोयस राजा. खरं सांग, काही गुण येतो का?"

"मला कसला येतोय डॉक्टर!" लेक हसला.



"गुण आईला येतो. मी पेला संपवला, की त्या दिवशी ती रडत नाही."