हॉलिस कोणत्या घरची?

"तिसरी पायरी हलते, जपून," हॉलिस म्हणाली, आणि डार्बीने ॲन्सलीला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? पिवळ्या घराची पायरी हिला कशी ठाऊक?"

यंदा दाखल झालेल्या पोरींची रांग उन्हात उभी होती. ऑगस्टमधलं अलाबामाचं ऊन. सकाळी घडवलेल्या बटा दुपारपर्यंत मानेला चिकटायच्या. विद्यापीठातल्या त्या एका रस्त्यावर मुलींच्या संघांची घरं ओळीने उभी होती, एका घरातल्या साऱ्या एकमेकींच्या 'बहिणी', आणि दरेक दारामागे शंभरेक पोरी टाळ्या पिटत गात होत्या. आठवडाभर दारोदार जायचं, हसून बोलायचं. रोज संध्याकाळी घरं मुली गाळायची, मुली घरं गाळायच्या. शेवटी जे उरेल ते घर शिक्षण संपेपर्यंतचं. बायका म्हणतात, जन्माचं.

हॉलिस त्यांच्या गटाची वाटाडी. वरच्या वर्गातली, यांतल्याच कुठल्याशा घरची. पण वाटाड्यांनी आपलं घर सांगायचं नाही, त्या घरातल्या मुलींशी बोलायचंही नाही, असा नियम. सगळ्यांच्या अंगात सारखेच करडे शर्ट. शेवटच्या दिवशी ते काढायचे, की आत आपल्या घराचा शर्ट असतो.

तोवर पोरींना एकच उद्योग. हॉलिस कोणत्या घरची?

"खांबवाल्यांची तर नाहीच नाही," डार्बी म्हणाली. समोरचं पांढऱ्या खांबांचं घर सगळ्यांत जुनं, सगळ्यांत अवघड. "तिकडे मान वळवत नाही बया. काहीतरी बिनसलेलं दिसतंय."

"आणि गुणगुणते काय सारखी?"

"विचार की तिलाच. खाणार थोडीच आहे!"

ॲन्सलीने विचारलं. हॉलिस हसली. "जुनं गाणं आहे एक. डोक्यात बसलंय, निघत नाही."

ॲन्सलीला हा नुसता खेळ नव्हता. दारोदार सगळ्यांनी तिला एकच विचारलं होतं, आई कुठल्या घरची. एकट्या हॉलिसने विचारलं, "आज हसू कशाचं आलं तुला?" असं विचारणारी जिथे राहते, तिथेच आपणही राहावं, असं तिला वाटायला लागलं होतं.

आई खांबवाल्यांची. आजीही. आईचा रोज फोन. "पांढरा झगा नीट टांगलास ना गं? चुरगळू नको हं."

शेवटच्या संध्याकाळी ॲन्सलीला दोनच घरांनी बोलावलं. पांढऱ्याने आणि पिवळ्याने.

पांढऱ्या घरात तिला भिंतीवरच्या चौकटीत आई दाखवली. "अगदी आईचंच हसू," एक जण म्हणाली. ॲन्सली त्यानंतर हसली नाही.

पिवळ्या घरात दिवे मालवले. एकेका पाहुणीच्या हातात मेणबत्ती दिली. मग बहिणी गायल्या. हे गाणं बाहेर कुठे म्हणत नाहीत. याच संध्याकाळी, बोलावलेल्या मुलींपुढे.

दार उघडं ठेवलं, दिवा लावला पायरीला,
उशीर झाला तरी ये गं, जागा राखली सयेला.

ॲन्सलीने सूर ओळखला. हॉलिसचं गाणं!

बाहेर आली तर तिच्याही ओठांवर तेच. फाटकाशी हॉलिस उभी होती. गाणं कानी पडलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मला कळलं," ॲन्सली कुजबुजली.

"काय कळलं?"

"सांगणार नाही. नियम आहे ना!"

हॉलिसने डोळे पुसले. "वेडाबाई."

आता संगणकापुढे बसून दोन घरांपैकी एक पसंतीच्या यादीत वर टाकायचं होतं. तेवढ्यात आईचा फोन.

"वर कोणतं, ते मी सांगायला नको ना?"

"नको, आई."

"शहाणं माझं बाळ ते."

फोन ठेवला तरी ॲन्सलीचं बोट हवेतच होतं. हॉलिस खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"मला काही सुचवता येत नाही. एवढंच नीट ऐक, एकदा नोंदवलं की बदलता येत नाही. मागाहून कितीही वाटलं तरी."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

हॉलिसने पाण्याची बाटली पुढे केली. "पी. ओठ सुकलेत तुझे."

ॲन्सली पाणी प्यायली आणि पिवळं घर वर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी मैदानात, आपापल्या पाकिटावर बसलेल्या. खूण होईपर्यंत फोडायचं नाही, म्हणून अंगाखाली दाबून धरायचं. खूण झाली. पाकिटं फाटली. कुणी किंचाळली, कुणी गप्प झाली. ॲन्सलीच्या चिठ्ठीत पिवळं घर होतं.

"हॉलिस! चल, बरोबर पळू!"

हॉलिसने तिला घट्ट धरलं, मग सोडलं. "तू हो पुढे. पळ."

ॲन्सली पळाली. रस्त्याच्या कडेला आई पांढऱ्या फुलांचा गुच्छ उंचावून उभी होती. लेक समोरून भलत्याच दाराकडे गेली, आणि आईचा हात तसाच वर राहिला. ॲन्सलीने पाहिलं, पण थांबली नाही. तिसरी पायरी हलली. ती तिने जपून ओलांडली. पिवळ्या पोरींनी तिला ओसरीवर ओढून घेतलं, गळामिठ्या मारल्या. तिने आपल्याशेजारी हातभर जागा राखली.

"सरका गं थोड्या, हॉलिस येतेय."

"कोण हॉलिस?" पिवळ्या घरातली एक जण म्हणाली.

रस्त्यावर वाटाड्या करडे शर्ट भिरकावत आपापल्या घरांकडे धावत सुटल्या होत्या. हॉलिसनेही शर्ट काढला, नीट घडी घालून हातावर घेतला. तिने एकदा पिवळ्या घराच्या पायरीकडे पाहिलं, आणि मग न धावता, सावकाश, समोरच्या पांढऱ्या खांबांकडे चालू लागली. ओठांवर तेवढं तेच गाणं होतं.