चौसष्ट घरटी

“चौदा लिहा, वहिनी. चौदा कसा, काळजी वाटावी असा आकडा आहे.”

दिरांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. ते तळे बचाव समितीचे सचिव होते, आणि पगारी होते. बाकी सगळे स्वयंसेवक. वहिनी त्यांतलीच एक. एकतीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढून ती निवृत्त झाली, आणि दिरांच्याच आग्रहावरून शेकाट्यांची घरटी मोजू लागली. शेकाट्या म्हणजे लांब तांबड्या पायांचा पाणपक्षी. काठच्या चिखलातच अंडी घालतो. पहिल्या वर्षी तिने अकरा घरटी मोजली होती, गेल्या वर्षी अठ्ठावीस. त्या सकाळी, नवव्या वर्षी, चौसष्ट भरली. ही आनंदाची बातमी घेऊन ती धापा टाकत समितीच्या खोलीत आली, तर सगळ्यांचे चेहरे उतरले.

“चौसष्ट आहेत, भाऊजी. दोनदा मोजलीत.”

“दोनदा कशाला मोजायची!”

अडचण साधी होती. समितीला मिळणारा निधी संकटातल्या पक्ष्यांसाठी होता. घरटी तिसाच्या वर गेली की पक्षी संकटातून बाहेर आणि समिती संकटात. फॉर्मवर तसं स्वच्छ छापलं होतं. निधी बंद म्हणजे फलक बंद, टोप्या बंद, तळे महोत्सव बंद. दिरांचा पगारही बंद. ते तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत आणि मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते काम संध्याकाळी जाऊबाईंनी केलं.

“ताई, पक्ष्यांना कुठे कळतंय तुम्ही किती लिहिले ते?”

 आयुष्यभर वहिनीने तापाचे तक्ते भरले होते. पेशंट बरा होत असताना ताप वाढवून लिहा, असं तिला एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. इथे मात्र पेशंट ठणठणीत झाला म्हणून सगळा वॉर्ड तोंड पाडून बसला होता. तिने फॉर्म कोराच ठेवला. तीन दिवस तिला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी महोत्सव होता. काठावर मांडव पडला होता. लाऊडस्पीकरवरून पाणथळ जागेत शांतता पाळण्याचं महत्त्व सांगितलं जात होतं. तीनशे स्वयंसेवक आले. प्रत्येकाला टोपी आणि पाण्याची बाटली मिळाली. मग त्यांनी त्याच रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि स्वच्छता मोहीम पार पडली. निधी मंडळाच्या अधिकाऱ्यांना मोटारबोटीतून तळ्याची फेरी घडवली. बोट सुरू होताच पक्ष्यांचा थवा ओरडत उडाला आणि पलीकडच्या काठाला गेला.

“वा! स्वागताला आले,” अधिकारी म्हणाले.

मग वहिनीला व्यासपीठावर बोलावलं. यंदाचा आकडा तिने जाहीर करायचा होता. माइक हातात देताना दीर कानाशी पुटपुटले, “चौदा. मुलीची शपथ.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

“चौसष्ट,” ती म्हणाली.

स्वयंसेवकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांनी फॉर्म वाचला नव्हता. अधिकाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण फाइल मिटावी तशा, दोनच. पंधरा दिवसांत पत्र आलं. प्रकल्प पूर्ण यशस्वी झाला होता, सबब तो बंद करण्यात येत होता.

दीर खाली यायचे थांबले. जाऊबाई जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघत चढायच्या. चार महिन्यांनी दिरांना रंगाच्या दुकानात गोदाम सांभाळायचं काम मिळालं. मुलीचं कॉलेज सुटलं नाही. वहिनीला हे सगळं शेजारणीकडून कळलं. छतावर त्यांची पावलं वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायची. खरं बोलण्याचं समाधान असतं म्हणतात. तिने वर्षभर वाट पाहिली, ते काही आलं नाही.

पुढच्या हंगामात आकडा कुणालाच नको होता. तरी ती मोजायला गेली. सवय. काठावर मांडव नव्हता, बोट नव्हती, टोप्या नव्हत्या. ती चिखलात स्टूल टाकून बसली असताना मागे पावलं वाजली. दीर होते.

“वरून दिसता रोज जाताना,” ते तुटकपणे म्हणाले. “एकट्या घसरून पडाल कुठेतरी. आज सुट्टी होती, म्हणून आलो.”

ती बाजूला सरकली. तिने दुर्बीण त्यांच्या हातात दिली. नऊ वर्षांत दिरांनी एकही घरटं पाहिलं नव्हतं. फोटोग्राफर त्यांना नेहमी तळ्याकडे पाठ करून उभं करायचा.

पलीकडच्या काठाला सहासष्ट भरली. मग ती या काठाकडे वळली आणि थबकली. मांडवाचे खांब रोवायचे त्या जुन्या खळग्यांशी, बोट लागायची तिथे, व्यासपीठाच्या जागी, सगळीकडे माद्या बसलेल्या. सदतीस घरटी. या काठाला आजवर एकही नव्हतं.

“एकशे तीन,” ती म्हणाली.

दिरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः मोजली. मग परत मोजली. बराच वेळ ते खांबांच्या खळग्यांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“वहिनी, हे कुणापाशी बोलू नका. यश साजरं करायला परत निधी देतील.”